नव्या मशीनचा हार

शिरोली फाट्यावर चहाच्या गाड्यापाशी तो मला रोज सकाळी भेटायचा. माझी नोकरी शेजारच्या वर्कशॉपात, त्याची समोरच्या फौंड्रीत. नाव मी कधी विचारलं नाही, तोही मला ‘पावणं’च म्हणायचा. भट्टीच्या ठिणग्यांनी डागलेल्या हातांत बशी धरून सावकाश फुंकर घालायचा.

कॉम्प्युटरचं अप्रूप होतं ते दिवस. फौंड्रीत कॉम्प्युटरवर चालणारं एक मशीन आलं. ते कुणाकडं द्यायचं हे ठरवायला मालकानं पुण्याहून माणसं बोलावून कामगारांच्या बुद्धीची परीक्षा घेतली. त्रिकोण, चौकोन, पुढचा आकडा कोणता, असलं काहीतरी. त्यात हा अगदी तळाला गेला. युनियन भडकली, गेटवर सभा झाली, आणि सर्वांत जुना कामगार म्हणून शेवटी मशीन यालाच मिळालं.

“युनियन होती म्हणून झालं,” मी म्हणालो.

“व्हय की. पोरांनी गुलाल टाकला माझ्यावर.”

खंडेनवमीला त्या मशीनची पूजाही त्यानंच केली. दसऱ्यानंतर आठवड्याभरानं मी विचारलं, “काय, चालतंय का मशीन?”

त्यानं बशी खाली ठेवली.

“झेंडूचा हार वाळला, पर बटणाला अजून हात लावला न्हाय. परीक्षा म्हणती, मला जमणार न्हाय. युनियन म्हणती, माझा हक्क हाय. दोघांचंबी खरं असंल, पावणं. पर मला शिकवणार कोण, ह्ये कुणीच बोलंना.”

भोंगा वाजला. चहा तसाच ठेवून तो गेटकडं निघाला.