हरलेल्या सामन्यातल्या सात इनिंग

माझा मुलगा अकरा वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळला. तो पिचर, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या भाषेत बोलर. एवढ्या वर्षांत नऊ संघ झाले. बहुतेकांनी त्याला काढूनच टाकलं. काढलं की विंडसरला घरी फोन यायचा, "आई, दे रिलीज्ड मी." मी विचारायची, "जेवलास का?" दुसरं काय विचारावं, ते मला कधी सुचलंच नाही.

त्याचे बाबा इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. दर हिवाळ्यात ते कॉलेजचे फॉर्म टेबलावर आणून ठेवायचे आणि बर्फ वितळायच्या आत हा बॅग भरून निघून जायचा. खरं सांगायचं तर मीही फॉर्मच्याच बाजूची होते.

शेवटच्या वर्षी तो फ्रेंच बोलणाऱ्या भागात, लव्हालजवळच्या एका छोट्या संघात होता. वय तेहेतीस. मी एकटीच ट्रेनने गेले. रविवारची दुपार, कडक ऊन. पहिल्या पिचरला दुसऱ्या इनिंगमध्येच सहा धावा बसल्या आणि त्याच्या जागी माझ्या मुलाला बोलावलं. सामना नऊ इनिंगचा, म्हणजे दोन्ही संघांच्या आलटून-पालटून नऊ-नऊ छोट्या पाळ्या. मधे बोलावलेला पिचर सहसा दोन-तीन इनिंगच टाकतो, म्हणून दर इनिंगनंतर मला वाटायचं, आता याला बसवतील. कुणी बसवलं नाही. सहाव्या इनिंगमध्ये एक फटका थेट त्याच्या नडगीवर आला. मी ताडकन उठले. कोच धावत मैदानात गेला. याने नकाराची मान हलवली, लंगडत एक फेरी मारली आणि चेंडू मागून घेतला.

आम्ही आठ-तीन हरलो.

सामन्यानंतर कोच कठड्यापाशी आला. फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही याच्या आई ना? तीन दिवस लागोपाठ सामने झालेत. माझ्या सगळ्या पिचरचे खांदे गेलेत आणि उद्या परत सामना आहे. सकाळी हा स्वतःहून म्हणाला, आज मला बोलावलंत तर काढू नका, शेवटपर्यंत मी टाकतो. बाकीच्यांना आराम मिळू दे."

मी नुसतं "थँक यू" म्हटलं.

थोड्या वेळाने तो खांद्याला बर्फ बांधून आला. "आई, वी लॉस्ट."

"बघितलं मी. सगळं बघितलं."

तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मी त्याच्यासाठी नेला होता. त्याने तो आधी बाकीच्या पिचरांपुढे धरला. त्याच्याहून दहा-दहा वर्षांनी लहान ती पोरं, एकेक पुरी उचलताना माझ्याकडे बघून मान लववत होती. माझ्याकडे कशाला, असं वाटलं, पण मी ताठ बसून राहिले.

त्या वर्षी मात्र त्याला कुणी काढलं नाही. सीझन संपल्यावर तो आपणहून थांबला. आता विंडसरलाच कोचिंग करतो. गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगबद्दल विचारतं, "मेजर लीगमध्ये खेळला का हो तुमचा मुलगा?"

"नाही," मी सांगते, "पण वेळ आहे का तुम्हाला? बसा जरा."