संदर्भ: पौर्णिमाची वही

ग्रंथपालाकडे पुस्तकं जमतात असा लोकांचा समज आहे. पुस्तकं मुलं आज ना उद्या परत करतात. किस्से मात्र कोणी परत नेत नाही, ते माझ्याच टेबलावर साचत जातात!

आमचं कॉलेज लाखनीजवळ, हायवेला लागून. यंदा नियम आला की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये माहिती कुठून घेतली ते लिहिलं नाही, तर प्रोजेक्ट परत. म्हणून मी शनिवारी क्लास सुरू केला. ईमेल, माहिती शोधणं, संदर्भ देणं, सगळं अगदी पहिल्यापासून.

सानगडीची पौर्णिमा पहिल्या बाकावर. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, प्रोजेक्ट वापस आला तं वर्ष जाते. वर्ष गेलं तं घरचे मले पुन्हा पाठवत नाहीत." तेव्हापासून तिची काळजी माझ्याही मागे लागली.

*

"आपापला ईमेल उघडा," म्हटलं तर कोणी हलेना. सगळ्या वर्गाचे ईमेल फॉर्म भरून देणाऱ्या एकाच दुकानदाराने काढलेले, पासवर्ड त्याच्या वहीत. त्याला फोन लावला.

"सर, मी सोयऱ्याच्या लग्नात आहो," तो म्हणाला. "पोट्ट्यायले सांगा, सोमवारी उघडून देतो."

मग सगळ्यांना नवे ईमेल काढून दिले आणि दम भरला, पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. पुढच्या शनिवारी वरठीचा विलास आपला पासवर्ड विसरला. आख्ख्या बाकाने तो एका सुरात सांगितला!

*

याच विलासने मोबाईलला आपल्या मामाच्या गावच्या तलावाची माहिती विचारली. उत्तर आलं, तिथे बोटिंगची सोय आहे.

"अरे, त्या तलावात म्हशी बसतात, हे तुला माहीत आहे ना?"

"हो सर, लहानपणापासून पाहून राहिलो."

"मग काय केलंस?"

"गाडी काढून पाहाले गेलो. मोबाईल म्हणते तं असंन."

*

विलासच्या पहिल्या लेखाखाली संदर्भ होता: 'पौर्णिमाची वही, पान चार ते नऊ. तिनं कुठून घेतलं ते मले माहीत नाही.'

ओरडायला तोंड उघडलं, पण वर्गाच्या लेखांच्या गठ्ठ्यातला खरा संदर्भ तेवढाच एक होता. शिव्याही दिल्या आणि संदर्भाचे पूर्ण मार्कही दिले.

*

पौर्णिमाचा प्रोजेक्ट होता धानाच्या रोवण्यावर, म्हणजे भाताच्या लावणीवर. तिच्या गाईड सरांनी तो कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. तीन पानं कशाशीच जुळेनात.

"नेटवर कुठंच नाही, म्हणजे हिनं मनचं लिहिलं," म्हणत सरांनी प्रोजेक्ट परत केला.

ती लायब्ररीत आली आणि फाईल मांडीवर घेऊन बसून राहिली. रडली असती तर बरं, असं मला झालं.

"या तीन पानांतलं तुला कोणी सांगितलं?"

"आईनं. ते माह्या जन्माच्या आधीपासून रोवण्याले जाते."

"मग तिचं नाव का नाही लिहिलं?"

"आईचं? सर, आई चवथी शिकली."

तिला तिथेच बसवलं. नाव, गाव, कोणत्या दिवशी सांगितलं, सगळं संदर्भाच्या यादीत लिहून घेतलं. सरांनी फाईल दोन दिवस ठेवली आणि मग सही केली.

जमा करायच्या दिवशी पौर्णिमा आईला घेऊन आली. मी शेवटचं पान उघडून दिलं. आडनावांच्या क्रमाने आईचं नाव दोन प्राध्यापकांच्या मधोमध आलं होतं. पौर्णिमाने त्यावर बोट ठेवलं.

"वरचा नि खालचा कोण?" आईने विचारलं.

"लय मोठे प्राध्यापक आहेत. धानावर पुस्तकं लिवली त्यायनं."

आईने ती दोन्ही नावं एकेक अक्षर लावत वाचली. मग मला म्हणाली, "सर, हे दोघं कोण्या गावाले रोवण्याले जातेत?"