झाकणाला हात लावायचा नाही

माझ्या सासूबाई मोटरसायकलच्या इंजिनाची झाकणं रंगवतात, आणि घरातल्या बाकीच्यांनी लांब राहायचं असतं. झाकणांपासूनही आणि सासूबाईंपासूनही.

हा उद्योग सासऱ्यांमुळे सुरू झाला. त्यांचं गॅरेज होतं. इंजिनाचं दुखणं त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं, पण ब्रश हातात आला की भिंतीला चुना फासल्यासारखे फासत सुटायचे. शेवटी सासूबाईंनी ब्रश काढून घेतला, तो कायमचाच. सासरे गेले, गॅरेज त्यांच्या हाताखालच्या मिस्त्रींनी चालवायला घेतलं, पण झाकणं अजून आमच्याच घरी येतात. मागची गॅलरी म्हणजे सासूबाईंचा कारखाना. तिथे रॉकेलची परात, तारेचे ब्रश आणि माझा जुना ओव्हन. त्यात मी एकेकाळी केक करायची. आता त्यात झाकणं भाजतात आणि केक आम्ही विकत आणतो.

पद्धत ठरलेली. आधी रॉकेलने तेलाचं किटण काढायचं, मग जुना रंग खरवडायचा, मग पॉलिश पेपर. त्यानंतर गरम पाणी नि साबण, आणि शेवटी थिनरचा बोळा. थिनर फिरला की उघड्या हाताने स्पर्श बंद. "माणसाचं बोट तेलकटच असतं, कितीही धुवा," असं त्या म्हणतात. बोट लागलं तिथे रंग धरत नाही, इंजिन तापलं की सुटतो. माझ्या नवऱ्याने एकदा कौतुकाने झाकण उचललं, तर पाहुण्यांसमोर त्याची शोभा झाली. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण आईपुढे बोलती बंद.

एके सकाळी मिस्त्री एक झाकण परत घेऊन आले. चहा झाला, हवापाण्याचं बोलून झालं, मग त्यांनी ते हळूच टेबलावर ठेवलं. काळ्या रंगात मधोमध टवका उडाला होता.

"काकू, असं आधी कधी झालं नव्हतं. तुम्हाला आता त्रास होत असेल तर पुढची बाहेरून रंगवून घेऊ का?"

सासूबाईंचा चेहरा खाडकन उतरला. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हिने हात लावला असणार. स्वयंपाकाच्या हातांनी येते गॅलरीत, कपडे वाळत घालायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मिस्त्रींसमोर गप्प बसले, पण ते गेल्यावर झाकण खिडकीपाशी नेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी ऐकून घेणार नव्हते. टवका लांबट गोल होता, अंगठ्याएवढा. आणि त्याच्या मधून एक बारीक तिरकी रेघ गेली होती. तेवढ्या रेघेवर रंग टिकला होता. अशी रेघ आमच्या घरात एकाच अंगठ्यावर आहे. पत्र्याने कापला होता तेव्हा टाके घालायला मीच घेऊन गेले होते.

आता बघतेच, म्हणत मी गॅलरीत गेले. सासूबाईंनी दुसऱ्या झाकणावरून नुकताच थिनरचा बोळा फिरवला होता. त्यांनी झाकण डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. आणि मग कुठे खरखरीत राहिलंय का, ते चाचपायला त्यावरून उघडा अंगठा फिरवला. माझ्या देखत. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तोंडाशी आलेलं भांडण मी गिळलं आणि शेजारी बसले.

"आई, नीट दिसत नाही ना तुम्हाला?"

"कोण म्हणतं? उजेड कमी आहे." पडले तरी नाक वर. ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं.

मी ते परत आलेलं झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा टवक्यावर ठेवला. तो अगदी बरोबर बसला.

"सगळ्यावर धुकं आल्यासारखं झालंय," शेवटी त्या म्हणाल्या. "डॉक्टर ऑपरेशन सांगणार, वर थिनरचा वाससुद्धा नको म्हणणार. तोवर मिस्त्री दुसरीकडे जाईल. मग मी दिवसभर करू काय? तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू?"

"ती आत्ताही ठेवताच की."

त्या हसल्या आणि हसता हसताच रडल्या. मला गलबलून आलं. इतकी वर्षं या बाईशी भांडतेय, पण तिला घाबरलेली कधी बघितली नव्हती.

ऑपरेशनची तारीख घेतली आणि मिस्त्रींना कळवलं की झाकणं इथेच यायची, हात माझे आणि तोंड काकूंचं. ऑपरेशन झाल्यावर सासूबाई काळा चष्मा लावून आतल्या खोलीत बसायच्या. वास येऊ नये म्हणून गॅलरीचं दार बंद, पण सूचनांना दार कुठे अडवतंय! मी हातमोजे घालून घासत राहायचे आणि मनात बोटं मोडायचे. पहिलं झाकण पेपर मारून झालं तेव्हा मी ते त्यांना दाखवायला आत नेलं. त्यांचा अंगठा सवयीने पुढे आला, मध्येच थांबला आणि मांडीवर परत गेला.

"तूच बघून सांग," त्या म्हणाल्या.

ते झाकण न्यायला मिस्त्री आले. उजेडात फिरवून फिरवून बघितलं, कडा तपासल्या.

"काकू, एक नंबर झालंय."

"हिने केलंय," सासूबाई म्हणाल्या. मिस्त्री निघायला उठले, तसा सासूबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "आणि मिस्त्री, ते मागचं झाकण. तो अंगठा माझा होता. हिचा नव्हता."