बिनतारांची गिटार

आमच्या घरात एकच वस्तू सुरात होती आणि ती मी दुरुस्त केली.

ती वस्तू म्हणजे बाबांची पेटी. बाबा वनरक्षक होते. त्यांची बदली झाली की अहेरी असो की आणखी कुठलं जंगल, आधी पेटी पोचायची आणि मागाहून आम्ही. निवृत्तीनंतर गोंडपिपरीत घर बांधलं तेव्हा समोरच्या खोलीतला वाऱ्याचा कोपरा पेटीला मिळाला. मी हायस्कुलात गणिताचा मास्तर असूनही मला मागच्या खोलीत, तांदळाच्या कोठीशेजारी जागा मिळाली. बाबा स्वतः भजनं रचायचे, पेटीवर स्वतःच म्हणायचे आणि शेजारचे डोमाजीभाऊ ढोलकीवर साथ करायचे.

बाबांची इच्छा एकच होती. दर महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत, वैनगंगेच्या काठी, भजनांच्या सीड्यांचं एक दुकान लागायचं. त्याचा भोंगा असा की नदीपलीकडचे बैलसुद्धा दचकावेत! बाबा दरवर्षी त्या भोंग्याखाली उभे राहून दुसऱ्यांची भजनं ऐकायचे आणि परतीच्या वाटेवर गप्प असायचे. एका वर्षी मात्र बसमध्ये बोलले.

"एकदा माहा आवाज त्या भोंग्यातून निंगाले पायजे. गळा उतरून राह्यला आता. पुढच्या साली राह्यते का नाई, कोणाले मालूम."

मला एकदम भरून आलं. "येत्या शिवरात्रीले काढूच, बाबा!" मी म्हणालो. (माझ्या आयुष्यातली सगळी संकटं याच सुरात सुरू झाली आहेत.)

मी दुकानदाराला गाठलं. तो म्हणाला, "ठेवतो नं मास्तर तुमची सीडी. पण आजकाल गिटार पायजे. गिटार नसली तं मानूस भोंग्याखाली थांबतच नाई."

गोंडपिपरी तालुक्यात तेव्हा वाघ होते, अस्वलं होती, रानडुकरं तर विचारूच नका. गिटार नव्हती.

पण माझ्याकडे नवाकोरा कॉम्प्युटर होता आणि नागपूरला एका रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत काम करणारा साळा होता. साळ्याने, म्हणजे प्रशांतने, दिवाळीत येऊन एक सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली आणि पडद्यावर गिटारीचं चित्र उमटलं. चित्राखाली पेटीसारख्या पट्ट्या. त्यांवर तीन सूर दाबले की आत कोणीतरी झ्यांग करून सगळ्या तारा छेडायचं. डाव्या बाजूची एक पट्टी दाबली की हात वरून खाली, दुसरी दाबली की खालून वर, तिसरीने तारांवर तळवा पडून नुसतं 'चक्क'. अशी ठेक्याला ठेका जोडत गिटारीची साथ बनवायची आणि बोटाला घट्टा पडायचं काम नाही!

बाबा बघायला आले.

"गिटार कुठी हाय?"

"यातच हाय, बाबा."

बाबांनी मॉनिटरच्या मागे डोकावलं. मग वाकून टेबलाखाली पाहिलं.

"तारा कुठी हायेत?"

"तारा नाईत."

"मंग वाजवते कोन?"

"मी."

"तुले येते?"

"नाई."

बाबांनी थोडा विचार केला. "तारा नाईत, तुले येत नाई, आन् गिटार वाजून राह्यली. बरं हाय बाप्पा!"

पुढचे तीन महिने मी झपाटल्यासारखा शिकलो. शाळेतून आलो की चहासुद्धा पट्ट्यांवर एक हात ठेवूनच. लोडशेडिंगमुळे वीज गेली की माझ्यातला गिटारवादकही जायचा आणि वीज आली की जेवणावरून उठून पळायचा. बाबा काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून, गातात, हे लहानपणापासून ऐकत होतो. तेव्हा काळी दोनमध्ये झकास साथ तयार केली आणि एका रविवारी सकाळी बाबा, पेटी, डोमाजीभाऊ आणि कॉम्प्युटर अशी मैफल जमवली.

मी गिटार सुरू केली. बाबांनी पेटीवर सा धरला.

अरे बाप्पा! दोन सूर एकमेकांना असे भिडले की दारातलं कुत्रं उठून निघून गेलं. बाबांनी आवाज लावून पाहिला, तो दोघांच्या मधे सापडला. डोमाजीभाऊंनी ढोलकी बाजूला ठेवली.

"मास्तर, तुमची गिटार रुसली हाय का?"

आता इथे शहाण्या माणसाने गिटारीला विचारलं असतं. मी गणिताचा मास्तर. कॉम्प्युटर चुकत नाही हे माझं पहिलं गृहीतक होतं आणि मी चुकत नाही हे दुसरं. प्रशांतनेच सूर मोजायचा एक काटा कॉम्प्युटरमध्ये घालून दिला होता. मी बाबांना म्हणालो की गिटारीशिवाय, पेटीवर एकटेच गा, मी माइकवर भरून घेतो आणि काट्यावर मोजतो. पुरावाच करतो!

"पुरावा असो का काई, ठेका तं पायजे," म्हणून डोमाजीभाऊही बसले. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नसतं, म्हणून मी लागोपाठ पाच भजनं भरून घेतली आणि त्या फाइलला नावही 'पुरावा' असंच दिलं. पाचव्या भजनात रंजनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कुकरची शिट्टी आली, तेवढंच गालबोट.

काटा काळी दोनवरही थांबेना आणि तिच्या शेजारच्या पांढरी तीनवरही. दोघींच्या मधे, भाताच्या दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसावं तसा बसून राहिला. मी निकाल जाहीर केला.

"बाबा, तुमची पेटी बेसूर हाय."

बाबांनी भाता मिटला.

"तीस वर्सं झाले," बाबा म्हणाले, "मार्कंड्याचा देव आयकून राह्यला. त्यानं कदी तक्रार नाई केली."

"देवाकडे काटा नाई, बाबा!"

रंजना दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, ब्लाउज बसत नाई म्हून बाईले कोनी घासते का? ब्लाउजच उसवते नं?"

"मशीनच्या कामात ब्लाउज आणू नको," मी म्हणालो. (हे वाक्य आजही आमच्या घरात, माझं तोंड बंद करायचं असलं की, मलाच ऐकवलं जातं.)

बाबांनी दोन दिवस पेटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पेटी स्वतः उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली. "तू शिकलेला हायेस. तुले समजत असंन. कर." पेटीवरचं फडकं त्यांनी नीट घडी करून शेजारी ठेवलं. त्या घडीकडे बघून मला थांबायला हवं होतं. मी मात्र स्क्रू काढायला पेचकस घेतला.

पेटीच्या आत प्रत्येक सुराची एक पितळेची बारीक पट्टी असते. ती घासली की सूर बदलतो, इतकं मला कळलं होतं. पट्टीला दोन टोकं असतात आणि एका टोकाला घासलं तर सूर उतरतो, दुसऱ्या टोकाला घासलं तर चढतो, हे मात्र कळायचं होतं! मला सूर उतरवायचा होता. मी मोकळ्या टोकाला कानस लावली.

सूर चढला.

अजून घासलं पाहिजे, असा मी त्याचा अर्थ लावला. अजून घासलं. अजून चढला. मी जिद्दीला पेटलो. रोज शाळेतून यायचं आणि कानस हातात घ्यायची. डोमाजीभाऊ खिडकीतून विचारायचे, "मास्तर, पेटी हाय का विळा? धार लागली का नाई अजून?" चार दिवसांत अर्धे सूर पांढरी तीन ओलांडून पुढे निघून गेले. मग कोणत्या टोकाला घासायचं ते उमगलं आणि मी तितक्याच जोमाने उलट बाजूने लागलो. सा पाताळात गेला, रे जागेवर राहिला, ग तर ग राहिलाच नाही, आणि म मधोमध तुटून माझ्या मांडीवर पडला.

शिवरात्रीला आठ दिवस उरले होते.

बाबा आले, पेटीसमोर बसले आणि एकेक सूर दाबून पाहिला. प्रत्येक सुराला वेगळं मत होतं. मला वाटलं रागावतील. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी भाता बंद केला, खुंटी लावली आणि म्हणाले, "राहू दे. दुसऱ्याचंच आयकू यंदाबी."

मला रडू आलं. पंचेचाळीस मिनिटांत चाळीस पोरांना रडवणारा मास्तर मी, मोरीत जाऊन तोंड धुवायच्या निमित्ताने रडलो.

दुसऱ्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन आम्ही दोघे बसने चंद्रपूरला गेलो. तिथे पेट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा होते. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"इसको चूहा लगा क्या?"

"चूहा नाई, चाचा," बाबा म्हणाले, "मास्तर लगा."

चाचांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नये सुर डालने पड़ेंगे. शिवरात के पहले नहीं होगा."

"दुसऱ्याची पेटी आणू, बाबा," मी परतताना म्हणालो.

"दुसऱ्याच्या पेटीवर माहा गळा नाई चालत रे." एवढं बोलून बाबा खिडकीबाहेर सागाची झाडं बघत राहिले. पेटी नाही, म्हणून गाणं नाही. गाणं नाही, म्हणून सीडी नाही. इतकं सोपं गणित मला कधी इतकं जड गेलं नव्हतं.

घरी पोचलो तर रंजना फोनवर भावाशी बोलत होती. मला पाहून तिने आवाज मुळीच कमी केला नाही.

"का रे प्रशांत, तुह्या त्या गिटारीले उसवता येते का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तिने फोन माझ्याकडे दिला.

"भाऊजी," प्रशांत म्हणाला, "गिटारीच्या चित्रावर उजवीकडे एक गोल बटन दिसते नं?"

"दिसते. शोभेचं."

"शोभेचं नाई हो! ते फिरवलं की अख्खी गिटार पायजे तितकी चढते-उतरते. काळी-पांढरीच्या मधातबी थांबते. तुमी आतापर्यंत फिरवलं नाई?"

तीन महिने ते बटण माझ्या डोळ्यांसमोर होतं! त्यावरची धूळ मी स्वतः फडक्याने पुसत होतो.

"प्रशांत," मी म्हणालो, "मी पेटी फिरवली."

मी फोन ठेवला. पेटी तर आता चंद्रपूरला उघडी पडलेली. मग एकदम आठवलं: पुरावा! बाबांची पेटी सुरात असतानाची, बाबांच्या आवाजातली, डोमाजीभाऊंच्या ठेक्यातली पाच भजनं! मी फाइल उघडली, गिटार सुरू केली आणि ते गोल बटण हळूहळू फिरवलं. धुऱ्यावर बसलेल्या बाबांच्या सुराशेजारी गिटार अलगद येऊन बसली. रंजनाने फक्त पदराने ब्लाउजची बाही झटकली.

पण काम संपलं नव्हतं. डोमाजीभाऊ प्रत्येक कडव्याला घाई करतात, जणू गावची शेवटची बस सुटून राहिली आहे. कॉम्प्युटरची गिटार मात्र घड्याळासारखी चालायची, त्यामुळे तिसऱ्या कडव्यापर्यंत भजन फाट्यावर आणि गिटार अजून गावातच. या वेळी मी डोमाजीभाऊंना घासलं नाही. गिटारीचा एकेक ठोका माउसने धरून त्यांच्या ढोलकीखाली सरकवला. एकेक ठोका! वीज असेल तितका वेळ बसायचं, गेली की वाट बघायची. बाबा दाराशी येऊन उभे राहायचे, थोडं ऐकायचे आणि परत जायचे. सहाव्या दिवशी ते आत येऊन खुर्चीवर बसले. सातव्या दिवशी सीडी तयार झाली. कुकरची शिट्टी काही काढता आली नाही.

शिवरात्रीला मार्कंड्याला माणसांचा समुद्र होता. दुकानदाराने आमची सीडी लावली. आधी माझी गिटार, झ्यांग-चक्क, झ्यांग-चक्क, आणि मग त्या अजस्र भोंग्यातून बाबांचा आवाज वैनगंगेवर गेला. बाबा भोंग्याखाली टोपी हातात घेऊन उभे होते. लोक थांबत होते. कुकरची शिट्टी आली तेव्हा एका बाईने मागे वळून पाहिलं, तेवढंच. बाबांच्या डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही आणि मीही माझं पुसलं नाही.

तेवढ्यात बाबांच्या नोकरीतले एक जुने सोबती गर्दीतून वाट काढत आले. "काऊन जी, हे तं तुमचा आवाज हाय! आन् हे गिटार कोन वाजवून राह्यलं?"

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांची छाती अशी फुगली की माझीही फुगली.

"हा माहा पोरगा. गिटार यानंच वाजवली."

"वा, वा! आन् पेटी?"

"पेटी मी वाजवली," बाबा म्हणाले. "पेटीचे बारा यानं वाजवले."

दोन्ही खरं होतं. मी वाकून नमस्कार केला.