दही खाणारा खलाशी

इंटरनेटवरच्या चॅटरूममध्ये लोक कसे वागतात, यावर मी प्रबंध लिहीत होते. मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं, "नुसतं बघायचं. खोटं बोलायचं नाही."

रोज दुपारी मी चेन्नईच्या टी. नगरमध्ये, साड्यांच्या दुकानावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन बसायचे. पण नुसतं बघणाऱ्याशी कोण बोलणार? चौथ्या दिवशी मी एकोणीस वर्षांची नर्तकी झाले. खरं वय एकतीस, आणि नाचायचं म्हटलं तर गणपतीच्या मिरवणुकीतही कडेनं चालणारी.

लगेच एक खलाशी भेटला. वय बावीस, राहणार कॅनडा. समुद्रावरच्या एकटेपणाबद्दल तो इतकं सुरेख इंग्रजी लिहायचा, की मी वहीची पानंच्या पानं भरली. एकदा त्यानं कळवलं, जहाजावर दही नीट लागत नाही, दहीभाताविना फार हाल होतात. मी गंभीरपणे समासात लिहिलं : 'कॅनडातही दहीभात! तपासणे.'

तिसऱ्या आठवड्यात खलाशी समुद्रातलं वादळ रंगवत असताना अचानक वीज गेली. पलीकडच्या प्लायवूडच्या खोपट्यातून आवाज आला, "अय्यो! वादळ अर्ध्यावरच राहिलं!"

मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचे, त्या घरमालक काकांचा आवाज होता. तंजावरी मराठी, निवृत्त हेडक्लार्क. दुपारी वाचनालयात जातो असं बायकोला, म्हणजे मामींना, सांगून निघायचे. मला बघून ते थबकले.

"तू हिंगे काय करतेस?"

"संशोधन. वादळ म्हणजे... तुमच्या जहाजावरचं?"

"म्हणजे नाचून पाय दुखतात ती तू?"

ते जिन्यात बसून डोळ्यांत पाणी येईतो हसले. मला मात्र जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

बसमध्ये म्हणाले, "मामींना सांगू नको."

"नाही सांगणार. पण खरी मुलाखत द्यायची."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर त्यांनी ती दिली. जहाजावर ते कधी चढलेच नव्हते. "जन्मभर टाइप केलं," ते म्हणाले, "सगळी पत्रं साहेबांची. एक तरी आपल्या मनचं लिहावं वाटलं." मी लिहायची थांबले. त्यांनीच वहीकडे बोट दाखवलं, "लिही, लिही."

बाईंपुढे मी सगळं कबूल केलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "दोघाही खोटारड्यांना एकाच प्रकरणात घाल."

काका पुढेही दुपारचे जात राहिले. आता वय खरं सांगतो म्हणाले, पण टायपिंगचा वेग बघून कुणाला पटत नाही.