पडलं की पाडलं

“व्हॉट इज इट फॉर?” फार्मसीच्या काउंटरपलीकडच्या पोरीने विचारलं.

गोळ्या कशासाठी हव्यात, एवढाच प्रश्न. माझी भावजय सुषमा माझ्याकडे बघायला लागली. तिला इंग्रजी येतं, पण त्या दिवशी तिच्या तोंडून कुठलीच भाषा निघत नव्हती. सकाळीच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बाळाचे ठोके थांबलेत. मूल पोटात, पण जीव नाही. या गोळ्या घे, घरीच मोकळी होशील. फार थांबू नकोस, नाहीतर इन्फेक्शन होईल. माझा भाऊ कामासाठी दुसऱ्या राज्यात गेलेला. म्हणून मी सोबत. आणि कुठेही गेलं तरी बोलायचं काम माझंच.

मी खणखणीत आवाजात सांगितलं, “अबॉर्शन. शी हॅड अबॉर्शन.”

आमच्याकडे असंच म्हणतात. आपोआप गेलं तरी अबॉर्शन झालं, दवाखान्यात जाऊन काढून घेतलं तरी अबॉर्शन झालं. मराठीतही दोन्हीला गर्भपातच. फरक करायचाच झाला तर पोटातलं पडलं म्हणतो, नाहीतर पाडलं म्हणतो. एका कान्याचा फरक. टेक्ससमध्ये पाडायला बंदी आहे. त्या एका कान्यावर अख्खा कायदा उभा आहे, हे मला ठाऊक होतं. माझ्या फराळाच्या दुकानात बायका बोलतात, मी ऐकते. ठाऊक असूनही सवयीचा शब्द तोंडातून गेला.

पोरीचे हात कीबोर्डवर थांबले. मागच्या रांगेतल्या एका गोऱ्या म्हातारीने सुषमाच्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि आपली ढकलगाडी मागे ओढली. जणू आमचा विटाळ होणार होता. ती नजर मी नागपुरातच सोडून आले, असं मला वाटायचं.

आतून फार्मासिस्ट आली. मराठी बाई, पुण्याची. दर दिवाळीला माझ्या दुकानातून चकल्या न्यायची. “ताई, तुमच्या हाताला काय चव आहे हो!” म्हणायची आणि लगेच घासाघीस सुरू करायची. तिला बघून माझा जीव भांड्यात पडला.

“अहो, हिचं पोटातलं गेलंय. आपोआप. तुम्हाला तरी समजतंय ना?”

“इंग्लिश, प्लीज,” ती म्हणाली.

“चकल्यांचा भाव पाडताना मराठी बरं येत होतं!”

तिचा चेहरा आवळला. “आय ॲम नॉट कम्फर्टेबल फिलिंग धिस.” म्हणजे गोळ्या देणार नाही. मग जरा पुढे वाकून, फक्त मला ऐकू येईल असं, मराठीत म्हणाली, “तुमच्यात हे सोपं असेल हो. इथे माझं लायसन्स जाईल.”

तुमच्यात.

हा शब्द मी शाळेच्या माठापाशी पहिल्यांदा ऐकला. या देशात येऊन दुकान काढलं, घर घेतलं, असं म्हणणाऱ्याच बायकांना फराळ विकला. शब्द माझ्या आधी येऊन बसलेला.

मी आठवडी बाजारात आईच्या भाजीच्या पाटीपाशी वाढले. भाव पाडणं आणि भाव धरून ठेवणं, दोन्ही तिथेच शिकले. म्हणून तेव्हाही मी तेच केलं. डॉक्टरला फोन लावा म्हटलं. अर्ध्या तरी गोळ्या द्या म्हटलं. मॅनेजरला बोलवा म्हणून काउंटरवर हात आपटला. जितकं जास्त बोलले तितक्या आम्ही चोर ठरत गेलो. काहीच चालेना, तेव्हा मी हात जोडले.

“आम्ही तसल्या बायका नाही हो. आम्ही पाडणाऱ्यातल्या नाही.”

ती माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, “नेक्स्ट, प्लीज.”

गाडीत बसल्यावर सुषमा पहिल्यांदा बोलली.

“ताई, मी पाडलं नाही ना हो?”

“वेडी आहेस का? डॉक्टरीण काय म्हणाली?”

“पण तुम्ही तसं सांगितलं ना तिथे.”

मी गाडी सुरू केली. माझ्या डोक्यात आई आली होती.

आम्ही पाच भावंडं होतो तेव्हा आईला पुन्हा दिवस गेले. ती सरकारी दवाखान्यात गेली, मोकळी होऊन आली आणि पुढच्या बाजाराला पाटीपाशी बसली. शेजारणीने खोचकपणे विचारलं तर म्हणाली, “हो, पाडलं. आहे त्यांना पोसायचंय.” रडली नाही, लपवलं नाही. आम्हाला जेवायला मिळालं ते त्या निर्णयामुळे. त्याच आईची पोर मी, गोळ्यांसाठी हात जोडून सांगत होते की आम्ही तसल्या नाही. तसली म्हणजे कोण? आयुष्यभर मी दुसऱ्याच्या मालाचा भाव पाडला. त्या दिवशी आईचा पाडला. वर गोळी मिळाली नाही ती नाहीच.

दुसऱ्या दिवशी सुषमाच्या अंगात कणकण होती. डॉक्टरीणबाईंनी फार्मसीला फोन करून खडसावलं, तेव्हा आम्हाला बोलावणं आलं. पिशवी तयार होती. पुण्याची बाई आज मराठीत बोलली.

“गैरसमज झाला हो ताई. तुम्ही शब्दच तसा वापरलात ना! नाहीतर मला माहीत आहे, तुम्ही तसल्या नाही.”

माझंच वाक्य ती मला परत देत होती. घेतलं असतं तर सगळं गोडीत मिटलं असतं, दिवाळीची ऑर्डरही आली असती. मी आधी पिशवी सुषमाच्या हातात दिली. मग रांगेला ऐकू जाईल असं बोलले, “माय मदर हॅड ॲन अबॉर्शन. शी डिसाइडेड. राइट वर्ड.” आणि मराठीत तिला सांगितलं, “आमच्यात हे सोपं नव्हतं. पण आम्ही लपवत नव्हतो.”

ती मान खाली घालून पुढच्या पिशवीवर पावती चिकटवत राहिली.

सुषमा अंगाने बरी झाली. पण त्या दुकानात ती आता खोकल्याचं औषधसुद्धा आणायला जात नाही. दुसऱ्या दिवशी मी ओरडले ते माझ्या आईसाठी, माझ्या रागासाठी. पहिल्या दिवशी मात्र चारचौघांत जो शब्द मी तिच्या नावावर लावला, तो तिचाच राहिला. भांडायला मी पुढे असते, आणि नजरा मात्र ती झेलते. मध्येच भाजी चिरता चिरता थांबते. मला कळतं ती कशाचा विचार करतेय. मी विचारत नाही. माझी हिंमत होत नाही.

गेल्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला. इथे शिकायला आलेली, आंबेडकर जयंतीला एकदा भेटलेली. बराच वेळ हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली, “मावशी, तुम्ही न्यू मेक्सिकोच्या बाजूला कधी ड्राइव्ह करता का?”

शेजारच्या त्या राज्यात पाडायला बंदी नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. पूर्वीची मी असते तर चौकशी केली असती. कोण, कसं, लग्नाचं काय, आईला माहीत आहे का. आणि उत्तरं ऐकून ठरवलं असतं, ही मदतीच्या लायकीची आहे की नाही. फार्मसीवालीने तरी दुसरं काय केलं होतं?

मदत करणाऱ्यावर इथे कोणीही उठून दावा लावू शकतो म्हणतात. लावू दे. माझ्याकडे घालवायला दुकान आहे, घर आहे, मराठी मंडळातला मान आहे. त्या पोरीकडे काय आहे?

मी तिला एवढंच विचारलं, “तुला कुठून घेऊ?”