काळी इंगळी

निजामी गेल्यावर वाशीला आमच्या शाळेची पक्की खोली बांधायला ईट गावाहून एक गवंडी यायचे. आम्ही मास्तर लोक त्यांना चाचाच म्हणायचो. नाव कधी विचारलं नाही. दगड उचलायच्या आधी ते हातोडीनं त्यावर दोनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "सरका बाई, म्या आलोय." मला हसू यायचं.

एका दुपारी पायासाठी खणलेल्या चरातल्या दगडाखालून वीतभर काळी इंगळी निघाली. पाठीवर पांढरी पिलं दाटीनं बसलेली. मजुरानं फावडं उगारलं, तोच चाचांनी तिच्यावर घमेलं पालथं घातलं.

"मारू नगंस. ही चावली तर आग व्हती, माणूस मरत न्हाय. जीव घेतो तो बारका तांबडा इच्चू."

"चाचा, तुम्हाला लई माहिती आहे," मी कौतुकानं म्हणालो.

"तीच नडली, मास्तर. माझी पोरगी वरडली तवा कोपऱ्यात अशीच काळी दिसली. म्या ती मारली. पोरीला म्हणलं, रडू नगं, काळीच हाय, उतरंल. दवाखान्यात नेलंच न्हाय. माती द्यायला उचलली, तवा गोधडीत तांबडा निघाला."

घमेल्याखाली पत्रा सरकवून ते तिला बांधावर घेऊन गेले. तिथं चंद्रकोरीसारख्या तोंडाचं एक बीळ होतं. खाली सोडताना काही पिलं घसरून मातीत पडली. चाचा उकिडवे बसले. एकेक पिलू आईच्या पायावरून परत वर चढू लागलं.

ऊन मी म्हणत होतं. मी म्हणालो, "चला चाचा, आता जाईल ती."

"थांबा मास्तर," ते म्हणाले. "एक खाली ऱ्हायलंय."